माळावरच्या खोपीचं आडनाव

"त्यांना सांग," आमचे हे म्हणाले, "सरनोबतांच्या घराण्यात आजवर कुणी घरजावई गेलेला नाही, आणि जाणारही नाही."

आमचा सुजित बशीतला केकचा तुकडा काट्यानं नुसता इकडून तिकडं ढकलत राहिला. टेबलापलीकडं त्याचे होणारे सासरे, हाइनरिश कोटेनब्रिंक, दोन्ही हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या शेजारी सिल्के, आमची होणारी सून. तिला मराठी येत नव्हतं, पण ह्यांचा चढलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. खिडकीपाशी सिल्केची आजी, तिच्या गेलेल्या आईची आई, बटाटे सोलत बसली होती. तिला सगळे ओमा म्हणायचे, म्हणून आम्हीही ओमाच म्हणायला लागलो होतो.

"सांग की."

"बाबा, घरजावई हो असं ते म्हणतच नाहीत. फक्त आडनाव घे म्हणतात."

"मग घरजावई म्हणजे दुसरं काय असतं रे?"

लग्न शुक्रवारी होतं आणि हे आम्हाला मंगळवारी दुपारी कळत होतं. कोल्हापुराहून मुंबई, मुंबईहून विमान, मग आगगाडी, मग या लोकांची चिखलानं भरलेली मोटार, असं करत आम्ही जर्मनीच्या त्या सपाट मुलखात पोचलो होतो. सुजितला हे सहा महिन्यांपासून माहीत होतं. समोरासमोर सांगू म्हणून त्यानं राखून ठेवलं होतं म्हणे. लहानपणी प्रगतिपुस्तकही हा पोरगा बाबा जेवायला बसल्यावरच दाखवायचा.

सून आम्हाला पसंत नव्हती असं नाही. सुजित तिकडं शेतीच्या यंत्रांचं शिकायला गेला, नोकरीला लागला, आणि एका डुक्करपालनाच्या शेतावर खाद्य घालायचं यंत्र दुरुस्त करायला गेला तो तिथलाच झाला. डुकरं म्हटल्यावर ह्यांनी चार महिने त्याच्याशी फोनवर बोलणं टाकलं. मग सिल्के स्वतः आमच्याकडं आली. मळ्यात ऊस भरलेली ट्रॉली अडकली होती. आमचा ड्रायव्हर पुढं-मागं करून घामाघूम झालेला. ही पोरगी ट्रॅक्टरवर चढली आणि मान मागं वळवून एका दमात ट्रॉली रिव्हर्स घेऊन मोकळी झाली. हे साखर कारखान्यात शेती अधिकारी होते, जन्म उसाच्या ट्रॉल्या बघण्यात गेलेला. घरी येऊन मला म्हणाले, "पोरगी खानदानी आहे." तिथंच लग्न ठरलं.

आणि आता हे.

"विचार त्यांना," हे म्हणाले, "त्यांच्या आडनावाला असं काय सोनं लागलंय."

हे मात्र सुजितनं बदलून विचारलं असावं, कारण हाइनरिशचा चेहरा खुलला. ते बराच वेळ बोलले. सुजित सांगत गेला.

तिकडच्या त्या भागात म्हणे आडनाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. कोटेन म्हणजे खोपी, ब्रिंक म्हणजे गावाच्या कडेचा गवताळ माळ. कुणी एकानं कधीकाळी त्या माळावर खोपी बांधली, तेव्हापासून त्या जागेचं नाव कोटेनब्रिंक. जो तिथं राहून शेत कसेल, तो कोटेनब्रिंक. मुलगा बाहेर पडला की पूर्वी नाव इथंच ठेवून जायचा. मुलीचा नवरा आत आला की त्यानं ते घ्यायचं. त्यामुळं नाव कधी पसरलंच नाही. अख्ख्या देशात ही तिघं, आणि दूर शहरात ओमाचा एक चुलतभाऊ होता, पण त्यानं शेतातला हिस्सा विकला होता, त्यामुळं त्याला ही मंडळी धरत नव्हती.

"हे स्वतः जन्मानं म्युलर," सुजित म्हणाला. "इकडं म्युलर म्हणजे आपल्याकडं पाटील. वर्गात चार म्युलर होते. लग्न करून इथं आले आणि कोटेनब्रिंक झाले. त्यांचे सासरेही बाहेरूनच आलेले."

"म्हणजे दोन पिढ्या सगळे उपरेच की!" हे म्हणाले. "आणि नाव काय, तर माळावरची खोपी. सरनोबत म्हणजे काय माहिती आहे का त्यांना? सेनेचा प्रमुख. माझा पोरगा सरनोबताचा खोपीवाला होणार?"

"अहो, हळू," मी म्हटलं.

"का हळू? तुझे पणजोबा कोण होते रे, सुजित?"

इथं मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं, पण राहवलं नाही. "पणजोबा जन्मानं खाडे होते," मी म्हटलं. "सरनोबतांनी दत्तक घेतले."

"दत्तक वेगळं."

"वेगळं काय त्यात? खाड्याचे सरनोबत झालेच ना?"

"दत्तक शास्त्रात आहे," हे म्हणाले, आणि केक खायला लागले. विषय संपला असं त्यांना दाखवायचं असलं की ते खायला लागतात.

सुजित मला नंतर गोठ्याजवळ एकटीला गाठून म्हणाला, "आई, बाबा हो म्हटल्याशिवाय मी नावाच्या कागदावर सही करणार नाही. आणि नाव घेतल्याशिवाय सिल्केचे वडील शेत तिच्या नावावर करणार नाहीत. ती शेत सोडणार नाही. तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलंय."

"मग काय करणार तू?"

"काही नाही. लग्न मोडेल," तो म्हणाला. एवढा मोठा धिप्पाड पोरगा, पण बुटाच्या टोकानं माती उकरत होता. मला त्याचा असा राग आला आणि अशी माया आली की त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच जवळ घेतलं.

बुधवारी सकाळी वेगळंच घडलं. ते सांगण्यासाठी ह्यांचं नाव घ्यावं लागणार. मी ते सहसा घेत नाही, पण इथं इलाज नाही. ह्यांचं नाव हिंदुराव.

आम्ही माडीवरच्या खोलीत आवरत होतो. हे दाढी करत होते. खाली अंगणातून खणखणीत हाक आली, "हिंदुराव!"

ह्यांचा वस्तरा गालावरच थांबला. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. कारखान्यात त्यांना साहेब म्हणायचे, गल्लीत बापू, सुजित बाबा, आणि मी अहो. त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारी त्यांची आई, ती जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती. मला म्हणाले, "मला बोलवताहेत."

"तुम्हाला कोण बोलवणार इथं?"

"हिंदुराव!" पुन्हा. आता जरा रागावून.

हे टॉवेल खांद्यावर टाकून तडातडा जिना उतरले. मागोमाग मीही गेले. अंगणात ओमा उभी. तिनं ह्यांच्याकडं पाहिलं, साबणाकडं पाहिलं, जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि बटाट्याच्या सालींची बादली ह्यांच्या हातात दिली. आणि आमच्या ह्यांनी, घरात स्वतःचा पाण्याचा तांब्या कधी उचलला नाही त्यांनी, ती बादली मुकाट्यानं डुकरांच्या गोठ्यापर्यंत नेली.

उलगडा सुजितनं केला. पासपोर्टावर त्याचं नाव सुजित हिंदुराव सरनोबत. आपल्याकडं मधे बापाचं नाव असतं हे ओमाला कुठून कळणार. तिकडं माणसाला दोन-तीन नावं ठेवतात आणि त्यातलं एक हाकेला घेतात. ओमानं दोन्ही बोलून पाहिली आणि लांबवरच्या शेतात हाक मारायला हिंदुरावच बरं पडेल असं ठरवून टाकलं. गेलं वर्षभर ती सुजितला त्याच नावानं बोलवत होती. सुजितनं दुरुस्त केलं नव्हतं.

"का नाही केलंस?" मी विचारलं.

"तिला कोण दुरुस्त करणार, आई?"

त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर आला. त्यानं ह्यांचा हात धरून जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "गुटन टाग, हेर कोटेनब्रिंक." हे म्हणाले, "नो. सरनोबत." डॉक्टर हसून म्हणाला, "या, या, कोटेनब्रिंक." या म्हणजे त्यांच्या भाषेत हो. पोस्टमन तसंच म्हणाला. शेजारीण मलासुद्धा फ्राउ, म्हणजे सौ., कोटेनब्रिंक म्हणून अंड्यांची टोपली देऊन गेली.

"इथं झोपला तो कोटेनब्रिंक," सुजित म्हणाला. "त्यांच्या लेखी मीही कधीच झालोय."

"मग सही तरी कशाला पाहिजे?" हे म्हणाले. पण नेहमीचा जोर नव्हता. दिवसभर ओमाची हाक आली की सुजितच्या आधी ह्यांची मान वळायची.

मला वाटलं, विरघळले. कसले विरघळतात. संध्याकाळी दिवेलागणीला खोलीत आले आणि बॅग काढली.

"उद्या निघायचं. माझ्या पोराला काय करायचं ते करू दे, पण ती सही मी डोळ्यांनी बघणार नाही."

"पोराचं लग्न मोडतंय, कळतंय का तुम्हाला?"

"नाव सोडून लग्न होत असेल तर मोडू दे. अगं, जगात कुठला माणूस नाव बदलतो? नाव गेलं की माणूस गेला. उद्या त्याची पोरं सरनोबत नसणार. मी मेलो की संपलं सगळं."

मी घड्या घालत होते. ह्यांचे सदरे, ह्यांचेच. हातातला सदरा मी खाली ठेवला.

"माझं नाव काय?" मी विचारलं.

"काय डोकं फिरलंय का?"

"सांगा ना. माझं नाव काय?"

"विजयमाला."

"ते तुमच्या आईनं ठेवलं. पाटावर बसवून ताटात तांदूळ पसरले, तुमच्या हातात अंगठी दिली आणि तुम्ही त्यात रेघोट्या मारून ते लिहिलंत. मी तुमच्या शेजारी बसून उलटं वाचत होते. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझं नाव काय होतं?"

मला खरंच वाटलं होतं, लगेच सांगतील. लग्नपत्रिकेवर छापलेलं होतं ते. ते आठवायला लागले. कपाळाला आठ्या घालून, छताकडं बघून आठवायला लागले.

"शकुंतला," हे म्हणाले.

"हिंदुराव, शकुंतला माझी धाकटी बहीण."

बोलून गेले आणि मीच दचकले. उखाण्याशिवाय ह्यांचं नाव मी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला, तेही यमकात घालून. असं नुसतं, ओमासारखं, कधीच नाही. हे बॅगेवर बसले. बॅगेचा खटका मोडला.

"मग काय होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आठवा," म्हटलं आणि मी खाली निघून गेले. ओमाबरोबर फरसबी मोडत बसले. रडत होते, पण फरसबी नीट मोडत होते. ओमानं माझ्या पुढ्यातली शेंगांची रास थोडी आपल्याकडं ओढून घेतली.

गुरुवारी मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. हे हाइनरिशमागोमाग गोठ्यात गेले. मी बाहेर दोरीवर कपडे घालत होते, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. दोघं कठड्यावर हात टेकून डुकरं बघत उभे, मधे सुजित.

"त्यांना विचार," हे म्हणाले, "म्युलर सोडलं तेव्हा त्यांचे वडील काय म्हणाले?"

हाइनरिश डुकरांकडं बघत बोलले.

"काही नाही म्हणाले," सुजितनं सांगितलं. "लग्नाला आलेच नाहीत. त्यांचं गाव इथून सायकलवर अर्ध्या तासाचं. आठ वर्षांनी आले, सिल्के शाळेत जायला लागली तेव्हा. कॉफी प्यायले, डुकरं बघितली आणि म्हणाले, जनावरं चांगली ठेवली आहेस. पुढच्या हिवाळ्यात वारले."

"आठ वर्षं काय केलं त्यांनी?"

सुजितनं विचारलं. हाइनरिशनी खांदे उडवले.

"त्यांना चार मुलं होती," सुजित म्हणाला. "उरलेल्या तिघांकडं जायचे."

आम्हाला सुजित एकटाच. हे एका मोठ्या डुकरिणीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हिला खाद्य जास्त होतंय. पाय बघ," आणि हाइनरिशना ते लगेच कळलं, सुजितनं सांगायच्या आधीच.

दुपारी ह्यांनी सुजितकडं फोन मागितला. हिंदुस्थानात लावायचा आहे म्हणाले. दारं लावून घेतली. आतून बराच वेळ आवाज येत होता, मधेच चढलेला, मधेच पडलेला. मी सुजितला म्हटलं, "तिकिटं बदलताहेत." सुजित मान खाली घालून गेला, सिल्केला सांगायला असावा. संध्याकाळी ती डोळे लाल करून ट्रॅक्टर धूत होती. धुतलेलाच ट्रॅक्टर पुन्हा धूत होती.

शुक्रवारी सकाळी मात्र हे फेटा बांधून खाली आले. आम्ही सगळे एकाच मोटारीतून तालुक्याच्या गावी नोंदणी कार्यालयात गेलो. ओमा मधे, मांडीवर पर्स. ह्यांचा फेटा टपाला लागत होता, म्हणून वाटभर मान वाकडी करून बसले होते.

कार्यालयातली बाई चष्मेवाली, गोड बोलणारी. तिनं उभं राहून बरंच काही वाचलं. मग थांबली आणि सुजितकडं बघून एक प्रश्न विचारला. मला भाषा कळली नाही, पण आडनावाचंच विचारलं एवढं कळलं. सिल्के स्वतःच्या बुटांकडं बघत होती. हाइनरिशचे हात पुन्हा मांडीवर. सुजित वळला आणि बापाकडं बघत उभा राहिला.

"माझ्याकडं काय बघतोस?" हे म्हणाले. "कोटेनब्रिंक म्हण की. मोठ्यानं म्हण, ओमाला ऐकू येत नाही."

सुजित म्हणाला, तेव्हा आवाज पार चिरकला. हाइनरिशनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, इतकं मोठ्यानं की त्या बाईनं वाचायचं थांबवलं.

"आणि मधलं राहतं का, ते विचार," हे म्हणाले.

सुजितनं विचारलं. बाई म्हणाली, ते तर त्याचं स्वतःचं नाव, ते कुठं जाणार. यावर ह्यांनी फक्त मान हलवली. मिशी मात्र हलत होती.

मग बाईनं दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावं मोठ्यानं वाचायला घेतली. सिल्केच्या वडिलांचं म्युलर मला ऐकू आलं, तिच्या गेलेल्या आईचं आलं. मग ह्यांचं. मग तिनं माझ्याकडं बघून विजयमाला म्हटलं, कसंबसं म्हटलं, आणि काहीतरी विचारलं.

"आई लग्नाआधीची कोण, असं विचारताहेत," सुजित म्हणाला. "मी मोहिते सांगतो."

"थांब," हे म्हणाले आणि उभे राहिले. "शेवंता. शेवंता मोहिते."

मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मला बघवेना. तिकिटांचा फोन तो नव्हता तर. माझ्या भावाला केलेला होता. भावानं पुढं मला सांगितलं की, दाजींनी आधी ऊसपाण्याच्या गप्पा मारल्या, पावसाची चौकशी केली, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं.

बाईनं तिच्या कागदांवर बोट फिरवलं, चष्मा वर केला आणि नम्रपणे सांगितलं की कागदावर शेवंता कुठंच नाही, त्यामुळं तिला ते लिहिता येणार नाही.

"नका लिहू," हे मराठीतच म्हणाले. "मी सांगितलं."

आणि खाली बसले. खोलीत कुणालाच काही कळलं नव्हतं. सिल्के सुजितकडं बघत होती, सुजित बापाकडं, मग तो माझ्याकडं वाकला.

"आई," त्यानं हळूच विचारलं, "शेवंता कोण?"

"मी," म्हटलं.